टीझलच्या चौतीस फेऱ्या

धम्मशीलाने डूख धरला तो मागच्या ऑगस्टमध्ये. तिने तो लपवला नव्हता. कोणी विचारलंच नाही, म्हणून कोणाला कळला नाही.

मूळची नागपूरची ही बाई हाउन्सलोत राहते आणि विमानतळाजवळच्या एका कार्गो गोदामात सरकत्या पट्ट्यांची देखभाल करते. पट्ट्यावरून पार्सल येतं, वाटेतला प्रकाशाचा किरण तोडतं, सेन्सर त्याचं लेबल वाचतो आणि त्याला डावीकडे ढकलायचं की उजवीकडे ते ठरतं. आठवडाभर हेच. शनिवारी मात्र ती मेडनहेडपलीकडच्या एका क्लबात घोड्यावरून तिरंदाजी करायची. नव्वद मीटरची धाव. घोडा दौडत असताना लगाम सोडायचा आणि बाजूच्या लक्ष्यावर बाण मारायचे. चाळिशीत हे कसलं खूळ, असं ओळखीच्या बायका विचारत. ती सांगायची, "दोन्ही हात सोडले तरी कोणीतरी मला सांभाळून नेतं. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालंय."

ते कोणीतरी म्हणजे ब्रॅकन नावाची तपकिरी घोडी. होती क्लबची, पण चार वर्षं तिला चारापाणी, खरारा, सगळं धम्मशीलाच्या हातचं.

पुष्कर त्याच क्लबातला. पुण्याचा, फायनान्समधला, हॅरोत राहणारा. नेम चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. एका शनिवारी धम्मशीलाला ड्यूटी लागली तेव्हा त्याने ब्रॅकन मागितली, आणि आपला मराठी माणूस म्हणून तिने ती दिली. क्लबचा नियम साधा होता: एका घोड्याला दिवसाला बारा फेऱ्या, वर एकही नाही. त्या उन्हाळ्यात जमीन विटेसारखी कडक झाली होती. संध्याकाळी ब्रॅकन तीन पायांवर उभी सापडली, पुढच्या पायाची मोठी शीर तुटलेली. आठ दिवसांनी व्हेटने इंजेक्शन देऊन तिला सोडवलं. तेव्हा तिचं डोकं धम्मशीलाच्या मांडीवर होतं.

कमिटीपुढे पुष्कर म्हणाला, "मी आठच फेऱ्या मारल्या. घोडी आधीपासूनच जरा लंगडत होती. धम्मशीलाच्या लक्षात आलं नसावं." चोराच्या उलट्या बोंबा! पण फेऱ्या मोजायला तिथे होतं कोण? क्लबच्या अध्यक्ष गिलियनबाईंनी अतिशय गोड शब्दांत धम्मशीलाला सांगितलं, की यापुढे तुझ्याकडे घोडा सोपवता येणार नाही. इंग्रजांच्या गोड बोलण्याचं हेच वाईट, भांडायला जागाच ठेवत नाहीत. पुष्करला मात्र त्याच महिन्यात टीझल नावाचा नवा घोडा मिळाला.

जानेवारीत क्लबाला सरावासाठी हलतं लक्ष्य हवं झालं. "मी करून देते," धम्मशीला म्हणाली. बाई किती मोठ्या मनाची, असं सगळ्यांना वाटलं. कसलं मोठं मन! तिला सूड हवा होता.

परसातल्या शेडमध्ये ती महिनाभर खपली. लांब रूळ, त्यावर गाडा, गाड्यावर गवताचं गोल लक्ष्य, खाली मोटर. धावेच्या तोंडाशी सेन्सर. घोड्याने किरण तोडला की गाडा सुटायचा. शिवाय प्रत्येक घोड्याच्या जीनखालच्या कापडात तिने एकेक टॅग शिवला, गोदामात पार्सलला लेबल असतं तसा. कोणता घोडा कधी धावला, त्याची नोंद आपोआप व्हायची. या हुशारीबद्दल गिलियनबाईंनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

एक गोष्ट तिने कोणाला दाखवली नाही. टीझलचा टॅग दिसला, की तीनातल्या दोन वेळा गाडा पाव सेकंद उशिरा सुटायचा. बघणाऱ्याला कळणार नाही, पण घोड्याच्या टापा मोजून बाण सोडणाऱ्याचा नेम हमखास चुकेल, एवढाच उशीर.

आणि पुष्करचा नेम चुकू लागला. मे महिन्याच्या स्पर्धेसाठी संघ निवडायचा होता आणि दर शनिवारी त्याचे बाण गवतात जाऊन पडत. लोक आधी हसले, मग हळहळले. धम्मशीला कुंपणाला टेकून सँडविच खायची. त्या सँडविचला जी चव होती ती वर्षभरात कशाला आली नव्हती. हे वाचून कोणी नाक मुरडणार असेल तर मुरडो.

एप्रिलमधल्या एका शनिवारी सकाळी तिने आठवड्याची नोंद उघडली. गुरुवार, टीझल, चौतीस फेऱ्या. त्या दिवशी क्लबात कोणी नसतं; किल्ली सगळ्यांकडे असते. चुकणारा नेम सुधारायला पुष्कर गुपचूप सराव करून गेला होता. ती तशीच तबेल्यात गेली आणि टीझलच्या पुढच्या पायावरून हात फिरवला. पाय गरम होता. ब्रॅकनचाही असाच गरम लागला होता.

दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, ते हे असं. टॅग तिने घोड्याला लावला होता. माणसाचा नेम चुकवायला गेली आणि चुकलेल्या प्रत्येक बाणाची फेड हा मुका जीव करत होता. तिने तिथेच लॅपटॉप उघडून तो उशीर पुसला, व्हेटला फोन केला आणि गिलियनबाईंकडे कमिटीची मीटिंग मागितली.

दुसऱ्या दिवशी हाउन्सलोच्या हॉलमध्ये रविवारची वंदना झाली. वंदना घेणाऱ्या भीमाबाईंनी सतरंजी गुंडाळता गुंडाळता तिला हटकलं.

"शीला, पंचशील म्हणताना चौथ्याला तुझे ओठ हलत नाहीत. दोन महिने बघून राहिले मी."

चौथं शील खोटं न बोलण्याचं. धम्मशीला म्हणाली, "खोटं बोललेय, मावशी. म्हणजे मशीनकडून वदवलंय."

"मशीन कोणी केली?"

"मी."

"मग झालं तर," भीमाबाई म्हणाल्या आणि सतरंजी तिच्या हातात दिली.

बुधवारी मीटिंगमध्ये तिने चौतीस फेऱ्यांचा कागद टेबलावर ठेवला. पुष्कर हसला. "ही मशीनच फॉल्टी आहे," तो इंग्रजीत म्हणाला. "माझ्यासाठी ती उशिरा सुटते. मी व्हिडिओ बघितलेत. विचारा हिला."

गिलियनबाईंनी तिच्याकडे पाहिलं. नाही म्हणणं अगदी सोपं होतं. उशीर पुसलेला होता, तो मुद्दाम घातल्याचा पुरावा उरला नव्हता. नाही म्हटलं असतं तर पुष्कर एकटाच बुडाला असता आणि टीझलचा सांभाळही बहुधा तिच्याकडेच आला असता.

"उशीर मीच घातला होता," धम्मशीला म्हणाली. "मुद्दाम. ब्रॅकनसाठी. शनिवारी काढून टाकला. पण फेऱ्यांचा आकडा खरा आहे, हवा तर दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्या."

मग ती पुष्करकडे वळली आणि मराठीत म्हणाली, "माझं खोटं मी सांगितलं. आता ब्रॅकनच्या फेऱ्या सांग."

"आठ."

"पुष्कर, ती माझ्या मांडीवर गेली रे."

त्याने कागद स्वतःपासून दूर सरकवला. मग त्यानेही मराठीतच, अगदी हळू उत्तर दिलं. दोघांतली गोष्ट दोघांत राहील असं त्याला वाटलं असावं. "मोजल्याच नव्हत्या मी. आठ असं आपलं सांगून टाकलं. खूप झाल्या होत्या."

"हेच आता इंग्लिशमध्ये सांग. सगळ्यांना."

ती थांबून राहिली. गिलियनबाईंनी काय चाललंय असं विचारलं, तेव्हा त्याने सांगितलं. इंग्रजीत ते चारच शब्द झाले.

दोघांचंही सदस्यत्व गेलं. हलतं लक्ष्य क्लबाने ठेवून घेतलं, नोंदीसकट. सूड घेऊन मन हलकं होतं का, असं धम्मशीलाला कोणी विचारलं तर ती बेधडक हो म्हणेल. टीझलचं नाव काढलं, तर मात्र ती विषय बदलते.

त्या बुधवारी टेबलावर क्लबची किल्ली ठेवून ती तबेल्यात गेली. टीझल गवत खात होता. ती खाली बसली, त्याच्या पुढच्या पायावर तळवा ठेवला. पाय गार होता. तिने पुन्हा एकदा हात लावून पाहिला, कारण उद्या येऊन बघता येणार नव्हतं.