ऊर्मिलाची किल्ली

गेले दोन महिने म्युनिकच्या आमच्या मराठी माणसांत ऊर्मिला दिघेबद्दल जे बोललं जातंय, ते मला ऐकवत नाही. ‘जर्मनांची चमची’ हे शब्द तर माझ्याच मुलाच्या जेवणाच्या टेबलावर उच्चारले गेले. म्हणून ती कोण आहे ते एकदा नीट लिहून ठेवते.

ऊर्मिला चोपन्न वर्षांची. मिरजेची, बी.कॉम. झालेली. एकोणतीस वर्षांपूर्वी नवऱ्यामागे, उल्हासमागे, जर्मनीत आली. श्वेबिश आल्बच्या डोंगरातलं लहानसं गाव; उल्हास तिथल्या गिअरच्या कारखान्यात. तिच्या पदवीला कोणी विचारलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात ती बटाटे सोलायला लागली. आता ते स्वयंपाकघर तीच चालवते.

गावाच्या वर नैसर्गिक झरा आहे. काचेच्या बाटलीसारखं हिरवंनिळं पाणी जमिनीतून वर येतं. झऱ्याशेजारी कॅम्पिंगची जागा आणि मागच्या टेकडीत गुहा. गुहा सांभाळते गावातल्या हौशी लोकांची संस्था, इथल्या भाषेत फेराइन. चौदा वर्षांपूर्वी त्यांना कामाला माणसं हवी होती, म्हणून ऊर्मिला गेली. गुहेत दिवे लावले की दिव्यांभोवती शेवाळ धरतं. ते दर गुरुवारी गुडघ्यांवर बसून, मऊ ब्रशने, नुसत्या पाण्याने काढायचं. लोकांचे गळलेले केस आणि कपड्यांचे धागे चिमट्याने वेचायचे. पगार नाही. अकरा वर्षं तिने हे केलं. मधे दगडांवर आणि वटवाघळांवर जर्मनमधून परीक्षा दिली. मग तिला किल्ली मिळाली. अशा किल्ल्या पाचच आहेत. ऑक्टोबर ते मार्च वटवाघळं झोपतात, तेव्हा त्या पाचांपैकीही कोणी दार उघडत नाही. आणि नियम एकच: ज्याने उघडलं, बंद होईपर्यंत आत जे होईल त्याची जबाबदारी त्याची; काही बिघडलं तर किल्ली परत.

“मंगळसूत्र बाथरूममध्ये विसरते,” उल्हास म्हणतो, “किल्ली नाही विसरत.”

१४ जूनला, शनिवारी, आम्ही म्युनिकहून सहा कुटुंबं तिथे तंबू घेऊन गेलो. मी शहात्तर वर्षांची, मला लाकडी खोली दिली होती. माझा मुलगा पुष्कर आणि सून ईप्सिता तंबूत. तीन वाजता ऊर्मिलाने आम्हा एकोणीस जणांसाठी गुहा उघडली. खास आमच्यासाठी, एरवी ती फक्त रविवारी उघडते. दारातच तिने मराठीत सांगितलं, “कशालाही हात लावायचा नाही. हाताला तेल असतं. ते लागलं की तिथे पाण्याचा थेंब धरत नाही आणि दगड वाढायचा थांबतो. दहा हजार वर्षांचं काम एका बोटाने थांबतं.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही.

आत पाण्याच्या काठाशी, वरून थेंब पडून पडून तयार झालेला एक गोल डोक्याचा उंचवटा आहे, दीड वीत उंच. “अगं, ही तर पिंडी!” कोणीतरी म्हणालं. “स्वयंभू!” फोन निघाले. ऊर्मिला हसून म्हणाली, “हो, माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं होतं,” आणि पुढे गेली.

तेवढ्यात ईप्सिता माझ्या कानाशी म्हणाली, “आई, तुमचा करंडा द्या ना जरा.” प्रवासात माझ्या पर्समध्ये हळदीकुंकवाचा करंडा असतो. मी दिला. कशाला, हे विचारलं नाही. मला ठाऊक नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. मी विचार केला नाही, हे खरं.

सव्वाचारला सगळे बाहेर आले. ईप्सिता शेवटी. ऊर्मिला दिवे बंद करायला पुन्हा आत गेली, ती बराच वेळ आलीच नाही. मी दारातून वाकून पाहिलं. ती त्या दगडासमोर गुडघ्यांवर होती. दगडावर हळद, कुंकू आणि दूध. चहासाठी आणलेलं, खोक्यातलं. वरून थेंब पडतच होते, आणि प्रत्येक थेंबाबरोबर लाल रंग खाली ओघळत होता. ब्रश लावला की तो आणखी पसरायचा. चुनखडी शाईच्या टिपकागदासारखी असते, हे मला त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी ती आमच्या तंबूंशी आली. कोणी केलं हे तिने विचारलं नाही. ईप्सिताने तोवर पूजेचे फोटो सगळ्यांना पाठवलेही होते.

“देवाला कुंकू लावलं, ऊर्मिलाताई,” ईप्सिता म्हणाली. “खून नाही केला.”

“तुझ्या देव्हाऱ्यात पाहुण्याने न विचारता हात घातला तर चालेल तुला?”

“पण हा देव्हारा आहे हे तरी इथल्या लोकांना कळतं का? त्यांना नुसता दगड.”

“त्या नुसत्या दगडासाठी चौदा वर्षं गुडघे झिजवलेत मी.”

पुष्कर मधे पडला. “ताई, आल्झो, म्हणजे, शांतपणे बघू. उद्या दुपारी बाहेरचे लोक येतीलच ना? त्यांच्यापैकी कोणीतरी केलं म्हणा. माझा नागरिकत्वाचा अर्ज पडलाय. फाइन लागला, केस झाली, तर मी काय करू? आपलीच माणसं आहोत आपण.”

“आपलीच माणसं,” ऊर्मिला म्हणाली. “म्हणून तर शनिवारी उघडली.”

ती निघाल्यावर मागून कोणीतरी खिदळलं. कॅम्पच्या चुलीवर पावभाजी होती. सगळ्यांनी पोटभर खाल्ली.

रविवारी सकाळी नऊ वाजता मी तिच्याबरोबर फेराइनच्या अध्यक्षांकडे गेले. श्टाइनले त्यांचं नाव; माझ्याच वयाचे, उंच, लाल कानांचे. ते आधी गुहेत जाऊन आले. मग त्यांनी विचारलं, कोणी? ऊर्मिला म्हणाली, “दार मी उघडलं.” त्यांनी माझ्याकडे पाहून तेच इंग्रजीत विचारलं. इंग्रजी मला कॉन्व्हेंट शाळेतल्या नन्सनी शिकवलंय, सत्तर वर्षं बोलते आहे. नाव जिभेवर होतं. अर्ज आठवला, आणि मी माझ्या चपलांकडे पाहत राहिले. ऊर्मिलाने किल्ली टेबलावर ठेवली. श्टाइनलेंनी ती लगेच उचललीसुद्धा नाही. त्यांनाच अवघड झालं होतं.

आम्ही परतलो तोवर पुष्करने तंबू गुंडाळला होता. ‘चमची’ हे मागाहून निघालं.

त्या दोघांचा राग येतोच. त्याहून जास्त माझा येतो. लहानपणी खोटं बोलल्याबद्दल हातावर पट्टी खाल्लेली मी बाई, आणि म्हातारपणी गप्प बसून तेच केलं. दोन आठवडे मी हे गिळलं. मग श्टाइनलेंना इंग्रजीत पत्र लिहिलं: करंडा माझा, हात माझ्या सुनेचे, सबब मुलाची. टपालात टाकण्याआधी पुष्करला वाचून दाखवलं.

“आई, तू माझं इथलं आयुष्य मोडायला निघालीयेस.”

“तिचं मोडलंस, तेव्हा तुला पावभाजी गेली.”

उत्तर आठ दिवसांत आलं. दंड नाही, केस नाही. प्रामाणिकपणाबद्दल आभार. किल्लीबद्दल मात्र निर्णय तोच. नियम दार उघडणाऱ्यासाठी आहे. मी लगेच ऊर्मिलाला फोन केला. वाटलं, बरं वाटेल तिला.

“काकू, कोणी सांगितलं होतं तुम्हाला?” ती इतकी चिडलेली मी ऐकली नव्हती. “नाव काय मला माहीत नव्हतं? त्यांनाही फोटोवरून कळलं असतं. तुमचं मन मोकळं झालं. मी अजून गुरुवारी जाते, आणि दाराबाहेर उभी राहते, कोणीतरी येऊन उघडेपर्यंत.”

मी म्हटलं, “मी काय करू, ते सांग.”

“तुम्ही काही करू नका. ईप्सिताला पाठवा. ब्रश मी देते. तो लाल रंग निघायला वर्ष लागेल. तिने गुरुवारी स्वतःच्या गुडघ्यांवर बसावं, चार तास, माझ्या शेजारी. भांडायचं तर तिथे भांडू.”

मी हा निरोप त्याच संध्याकाळी ईप्सिताला शब्दशः सांगितला. पहिल्या गुरुवारी तिची मीटिंग होती. दुसऱ्या गुरुवारी डोकं दुखत होतं. नंतर तिने कारण देणंही सोडलं. मी दर गुरुवारी सकाळी सातला, ती कॉफी ओतत असताना, विचारते, “ईप्सिता, आज जाणार?” पुष्कर खुर्ची सरकवून उठून जातो. आज २१ ऑगस्ट, सातवा गुरुवार. आजही विचारलं. ती म्हणाली, “आई, तुम्ही हे कधी थांबवणार?”

मी सांगितलं, तू जाशील त्या दिवशी.