सुंदर, बाई

निर्मलाबाई निवृत्त झाल्या, तरी त्यांचा तास काही सुटला नाही. रोज सकाळी सात वाजता आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर त्यांचा भला मोठा मराठी मजकूर येऊन पडायचा. चिक्कडपल्लीच्या बाजारात मिळालेला चिंचेचा कोवळा पाला, अफझलगंजच्या वाचनालयात भेटलेले कुणी आजोबा, असं काहीबाही त्यात असे. हे मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. शेवटी ठरलेलं वाक्य: "वाचा हं, नुसतं बघू नका."

आम्ही नुसतं बघायचो. हैदराबादेत, जामबागेतल्या शाळेत बाईंनी चौथीपर्यंत शिकवलेलं मराठी बहुतेकांचं पार पुसलं गेलं होतं. श्रीनिवास तर मला सरळ म्हणाला, "मेरे से इत्ता मराठी पढना नै होता यारो. तू बोल, क्या डालना?" मला वाचता येत होतं, पण आळस. मीच तोडगा काढला: "'सुंदर, बाई' टाका आणि मोकळे व्हा." तीन वर्षं बिनबोभाट चाललं. बाई भेटल्या की म्हणायच्या, "माझी पोरं अजून वाचतात रे." मी मान डोलवायचो. लाज वाटायची, पण तेवढ्यापुरती.

एका सकाळी पहिलं "सुंदर, बाई" माझंच पडलं. पाठोपाठ बावीस जणांचं. दुपारी डबा खाताना सहज मजकूर उघडला. बाईंचा धाकटा भाऊ आदल्या दिवशी गेला होता. आईमागे त्याला बाईंनीच वाढवलं होतं. मी घाईघाईने माझं 'सुंदर, बाई' शोधलं. पुसून टाकावं, तर खाली बाईंचं उत्तर आलेलं होतं: "आभारी आहे."

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. म्हटलं, "बाई, आज घाईत न वाचताच टाकलं. एरवी आम्ही सगळे वाचतो."

बाईंनी चष्मा काढला. "बरं. परवा मी कशाबद्दल लिहिलं होतं?"

परवाचं सोडाच, तीन वर्षांतली एक ओळ मला आठवेना. खरं बोलावं तर बाईंचं सगळं लिहिणं पाण्यात, आणि खोटं बोलायला तोंड उरलं नव्हतं. एवढा मोठा बाप्या मी, खाली मान घालून उभा राहिलो.

"नीघ आता. घरी वाट बघत असतील," एवढंच त्या म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी लिहिणं सोडलं. मी दोनदा विनवलं, "लिहा ना बाई, मी वाचीन."

"नक्को रे. तुम्हाला उगीच त्रास."

आता सकाळी सातला जास्वंदीचा नुसता फोटो येतो, सोबत एक अक्षर नसतं. आम्ही तो मोठा करून बघत बसतो, आणि खाली काय लिहावं ते कुणालाच सुचत नाही.