काडीवर उभी बिल्डिंग

बुडत्याला काडीचा आधार असतो म्हणतात. आमच्या काडीनानांनी तो आख्ख्या चार मजली बिल्डिंगला दिला होता. भिंतीत तडा दिसला की त्यांच्या शर्टाच्या खिशातून काडेपेटी निघायची, एक काडी त्या फटीत हलकेच बसायची आणि मग नाना दिवसभर तिच्याभोवती घिरट्या घालायचे. काडी पडली म्हणजे तडा रुंदावला, हा त्यांचा सिद्धान्त. आमच्या जिन्यात इतक्या काड्या होत्या, की कोणी भिंतीला पाठ घासली असती तर मीरा रोड स्टेशनापर्यंत उजेड पडला असता.

नाक्यावरचा दुकानदार दर आठवड्याला विचारायचा, "नानाजी, इतनी माचिस? घर में यज्ञ है क्या?"

"बिल्डिंग पकडके रखना पडता है, भाई," नाना म्हणायचे आणि सुटे परत घ्यायच्या आत निघायचे.

नानांना बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं. चहासुद्धा उभ्याने, दाराच्या चौकटीखाली. "चौकट सगळ्यात शेवटी पडते, खालच्या." मी त्यांच्या घराच्या बरोबर खाली राहायचो, म्हणून माझं नाव 'खालच्या'. "बिल्डिंग पडली तर मी थेट तुझ्या अंगावर. लक्ष ठेवत जा." मी काय ठेवणार? त्यांच्या येरझाऱ्याच अशा होत्या की वीज गेली तरी माझा छताचा पंखा त्या धक्क्यांवर फिरत राहायचा.

याला कारण होतं. गिरगावातली त्यांची चाळ टेकूंवर उभी होती. एका भर दुपारी गॅलरी कोसळली. शेजारचे तात्या तिथे आरामखुर्चीत पेपर वाचत बसले होते. मी सांगितली असती तर या गोष्टीत तीन हत्ती घातले असते, नाना मात्र एवढंच म्हणायचे, "तडा रोज दिसायचा रे. रोज बघत होतो मी."

त्यानंतर ते इकडे आले, पेणकरपाड्याच्या अंगाला, जिथे कालपरवापर्यंत भात उभा होता तिथे उभ्या राहिलेल्या बिल्डिंगमध्ये. आल्या दिवशीच घरात हुकूम निघाला: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. माईंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, माहेरचं लंबकाचं घड्याळ तेव्हापासून फ्रीजवर आडवं पडलं होतं. लंबकाचं घड्याळ आडवं चालत नाही. अर्धं सामानही बांधलेलंच, कारण नाना दर रविवारी दुसरी जागा बघायला निघायचे.

"अहो, हे घर आहे की वेटिंग रूम?" माई विचारायच्या.

"वेटिंग रूमच."

शेवटी माईंनीही हुकूम काढला. "एक खिळा ठोकून द्या. नाहीतर घड्याळ घेऊन मी नाशिकला भावाकडे जाते. तिथे चालेल तरी." आणि माई थट्टा करणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी भावाला कळवलंसुद्धा होतं.

तेवढ्यात सांदण दरीची सहल निघाली. काढली दगडबाईंनी. तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायच्या. त्यांच्या घरी तांदळापेक्षा दगड जास्त, आणि पाहुण्याला सरबताआधी बेसॉल्ट दाखवत. "नाना, महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा तडा दाखवते," म्हणाल्या. नाना तयार! जाताना त्यांनी काडेपेट्यांचं आख्खं पुडकं घेतलं.

कसारा घाट चढून, भंडारदऱ्याला वळसा घालून मॅटाडोर साम्रद गावात पोचली, आणि तिथून आम्ही पायी त्या चिरेत उतरलो. सह्याद्रीचा कातळ कोणी विळीवर धरावा तसा उभा चिरलेला. जागोजागी हात पसरले की दोन्ही भिंती हाताला लागाव्यात, वर आकाशाची निळी नाडी तेवढी. खोल किती? वरून कावळ्याचं पीस सुटलं, ते खाली येईपर्यंत आम्ही डबे उघडून, खाऊन, हात धुतले. मधलं पाणी असं गार की माझे गुडघे अजून जानेवारीतच आहेत.

नानांनी काडी काढली आणि पहिल्यांदाच त्यांचा हात हवेत राहिला. लावायची कुठे? आम्ही सगळेच फटीत उभे होतो.

"हा रुंदावतोय का हो, बाई?"

"रुंदावतोय ना. लाव्ह्याचे थरावर थर साचले, थंड होताना आक्रसले, तडे गेले. पाण्याने त्यातली एक वाट धरली आणि लाखो वर्षं खात बसलं. अजून खातंय."

"आणि आमच्या हॉलमधला?"

"तो प्लॅस्टरचा. सुकताना आक्रसलं. आपल्याकडे मिठागराचा चिखल उन्हात भेगाळतो ना, तसंच."

पुढे डोक्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, मॅटाडोरएवढा धोंडा अडकला होता. सगळे त्याच्याखालून मान खाली घालून पळाले. नाना थांबले.

"हा कधी पडणार?"

"पडूनच तिथे अडकलाय, नाना. वरून निखळला आणि रुतला. आपली पतवंडं खालून जातील."

नाना बघत राहिले. "खालच्या," ते हळूच म्हणाले, "डोंगरानेपण काडी लावलीये रे." मग त्यांनी दगडबाईंना जे विचारलं ते मी तोवर कोणाला विचारताना ऐकलं नव्हतं. "चाळीतला तडा मी रोज बघायचो, बाई. तरी गॅलरी पडली कशी?"

दगडबाईंनी उगाच समजूत घातली नाही. "तिथलं लाकूड कुजलं होतं, नाना. तुमच्या बघण्याने गॅलरी पडली नाही. आणि थांबलीही नसती."

आणि काय सांगू, नाना बसले! त्या धोंड्याच्या बरोबर खाली, ओल्या दगडावर, मांडी घालून. माईंच्या हातातला डबा पडता पडता राहिला.

"काय बघतेस?" ते म्हणाले. "पोळी दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या छतावर असा दणका बसला की मी टॉवेलवर वर धावलो. नाना स्टुलावर, हातात हातोडा, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे. सातारा जिल्ह्याएवढं प्लॅस्टर जमिनीवर.

"पडू दे!" ते गरजले. "प्लॅस्टरच आहे! मागे कातळ आहे!"

"मागे विटा आहेत. उतरा खाली," माई म्हणाल्या. पण घड्याळ त्यांनी आधीच पदराने पुसून ठेवलं होतं.

नाना सुधारले वगैरे नाहीत. काड्या चालूच होत्या. फक्त सकाळचा चहा घड्याळाखाली बसून, चहा संपेपर्यंत. मग पुन्हा येरझाऱ्या. रविवारी जागा बघायला जाणं मात्र बंद झालं.

पुढे नाना गेले. त्याच घरात, पलंगावर, झोपेत. बिल्डिंग जागच्या जागी. आम्ही फोटो मोठा करून आणला आणि माईंना म्हटलं, घड्याळ जरा काढू का?

"ह्यांनी जन्मात एक खिळा दिला मला. त्यावरचं चालतं घड्याळ उतरवू?"

"मग दुसरा ठोकतो."

"नको रे बाबा. वरून ओरडतील."

म्हणून फोटो फ्रीजवर आहे, भिंतीला टेकवून. मागच्या तड्यात त्यांचीच काडी. फ्रीजची मोटर सुरू झाली की फोटो थरथरतो आणि हळूहळू पुढे सरकतो. माई स्वयंपाकघरात जाता-येता तो मागे लोटतात.

"बसा हो जरा," म्हणतात.