शांतम्माचे रत्नागिरीतले तीन दिवस

जळकोटच्या शांतम्मानं भरलेल्या कापडाची उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, हे शिंप्यालासुद्धा छातीठोक सांगता येत नसे. कसूतीचं भरतकामच तसं. एकेक धागा मोजत सुई घालायची, गोपूर उभं करायचं, रथ ओढायचा, पोपट बसवायचा. तिची आई कानडी मुलखातली, तिच्याकडून हा हात आला होता. नवरा महालिंगप्पा बाजारात मापाडी होता. दिवसभर ज्वारी मापायची आणि संध्याकाळी डोईवर भुसा घेऊन घरी यायचं.

दुपारची भांडी झाली की तिघी मठाच्या ओसरीवर बसत. शांतम्मा, तिच्या शेजारची मल्लम्मा आणि वीरभद्र कापडवाल्यांच्या प्रेमाबाई. वीरभद्रांचं दुकान सोलापुरात, तिथं मोठं घरही होतं, पण सासू गाव सोडेना म्हणून प्रेमाबाई जळकोटात अडकल्या होत्या. रंगीत रेशीम प्रेमाबाईच सोलापुराहून मागवत आणि तिघींत वाटत. त्यांचा टाका मात्र वाकडा जाई. शांतम्मा काही न बोलता तो उसवून नीट करून देई. सात वर्षं असं चाललं होतं. मैत्रिणींत एवढं असायचंच, असं ती धरून चालली होती.

जर्मनची लढाई संपली त्या साली, दिवाळी झाल्यावर, प्रेमाबाई म्हणाल्या, "रत्नागिरीला आमच्या मालकांच्या ओळखीचा बंगला हाय, समिंद्राला लागून. तिघी जाऊ. तीन दिवस चूल न्हाय, सासू न्हाय. वाळूत बसायचं, मनाला आलं तर सुई हातात घ्यायची."

शांतम्मानं आजवर पाहिलेलं मोठं पाणी म्हणजे नळदुर्गाच्या किल्ल्यात अडवलेली बोरी नदी. तिनं भीत भीत नवऱ्याला विचारलं.

"जा की," महालिंगप्पा म्हणाला. "जन्मात पुन्हा कोण नेतंय? पोरांस्नी आई बगंल."

निजामाची हद्द संपते तिथल्या करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर ट्रंका उघडून दाखवत, सोलापूर, मिरज, कोल्हापूर करत, कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या मोटारीनं घाट उतरून शुक्रवारी दिवेलागणीला त्या पोचल्या. अंधारात नुसती गाज ऐकू येत होती. शांतम्माला वाटलं, वारा सुटलाय.

सकाळी आंघोळ, लिंगपूजा उरकून ती पदर खोचून दारात उभी राहिली. तेवढ्यात प्रेमाबाईंनी ट्रंकेतून काळी चंद्रकळा काढली.

"नणंदेचं लगीन आलंय, शांतम्मा. पदराचं जरासंच ऱ्हायलंय. तुजा हात लागला की दुपारपातूर हुतंय बग. मंग तिघीबी जाऊ."

जरासं म्हणजे काय, तर एक गोपूर झालं होतं, तेही कलतं. बाकी पदर कोरा. शांतम्मानं मल्लम्माकडं पाहिलं. मल्लम्मा खाली मान घालून पायातली जोडवी फिरवत बसली होती. तिला आधीपासून ठाऊक होतं.

शांतम्मानं सुई हातात घेतली. नाही म्हणायची सवय नव्हती.

काळ्या कापडावर काळे धागे मोजायचे म्हणजे लख्ख ऊन पाहिजे. ऊन असेतोवर ती मागच्या पडवीत बसे, समोर पोफळी आणि विहीर. आणि ऊन असेतोवरच त्या दोघी पुढच्या वाळूवर. शनिवार गेला. रविवारी सांजेला दोघी ओले काठ पिळत आल्या. मल्लम्मानं ओंजळभर शिंपले पुढं केले.

"घे, तुला आणलेत. लाट पायाखालची वाळू वडून नेती बग, गुदगुल्या हुत्यात नुसत्या."

"आत्ता जाऊन येऊ की," शांतम्मा म्हणाली.

"आत्ता? अंधारात काय बगणार?" प्रेमाबाई म्हणाल्या. "उद्या जाऊ, निवांत."

सोमवारी दुपारी परतीची मोटार होती. सकाळ सरता सरता बंगल्याच्या मालकीणबाई शेजारच्या दोघींना घेऊन भेटायला आल्या. त्यांनी पडवीतला पदर उचलला आणि उजेडात धरला.

"अगं बाई! हे कोणी भरलं?"

"म्याच," प्रेमाबाई म्हणाल्या. "दोन म्हयने बसले हुते."

"आणि ह्या कोण?"

"ही व्हय? गावाकडची हाय. हाताखाली आणलीय. कामाला बरी हाय."

शांतम्माला ऐकलेलं खरं वाटेना. आता मल्लम्मा बोलेल, हसण्यावारी का होईना बोलेल, म्हणून तिनं वाट पाहिली. मल्लम्मानं बशीतली नारळाची वडी उचलून तोंडात टाकली.

"एवढा एक पोपट राहिलाय वाटतं," मालकीणबाई म्हणाल्या. "आमच्यासमोर काढून दाखवा ना."

प्रेमाबाई हसल्या. "शांतम्मा, तूच काढ गं. माजे डोळे दुखायलेत."

शांतम्मानं सुई ओवली आणि प्रेमाबाईंच्या तळहातावर ठेवली.

"पदर तुमचा, काम तुमचं. मला हाताखालच्या बाईला कुठलं येतंय?"

मागं वळून न बघता ती घराला वळसा घालून पुढं गेली.

ओहोटी लागली होती. पाणी पार लांब सरकलं होतं. जवळ नुसता चिखल, काळे दगड आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास. तिनं पदरानं नाक दाबलं आणि पाण्याच्या दिशेनं चालू लागली. अर्ध्या वाटेत मोटारीचा भोंगा वाजला. ती थांबली. रडू आलं नाही. राग आला, आणि तोही स्वतःचाच. सुई खाली ठेवून पन्नास पावलं चालायला तिला कुणी धरलं होतं? भोंगा पुन्हा वाजला. ती कोरड्या पायांनी परत फिरली.

दोन दिवसांची वाट शांतम्मानं दोघींकडं पाठ करून काढली. जळकोटात प्रेमाबाईंच्या तोंडून गोष्ट घरोघरी पोचली, आणि ती वेगळीच होती. शांतम्मानं परक्या गावात प्रेमाबाईंची अब्रू घालवली म्हणे. रेशीम यायचं बंद झालं. मल्लम्मा दुपारी प्रेमाबाईंच्या सोप्यावर जाऊन बसू लागली. राहिलेला पोपट नळदुर्गच्या कुणा बाईनं भरून दिला, आणि लग्नात चंद्रकळेचं कौतुक झालं ते प्रेमाबाईंचंच.

"जरा दमानं घ्यायचं हुतंस," महालिंगप्पासुद्धा म्हणाला.

शांतम्मा साध्या सुतानं पोरांच्या कुंच्या भरत राहिली. पुढं तेही सुटलं.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या धास्तीनं निम्मं गाव सोलापूरला पळालं. प्रेमाबाई तिथल्या आपल्या मोठ्या घरी गेल्या; बाकी बायका-पोरं एका शाळेच्या पडवीत दाटीवाटीनं राहिली. नेमकी मल्लम्माचीच वाकळ शांतम्माच्या शेजारी पडली. चौथ्या दिवशी भाकरी खाता खाता मल्लम्मा म्हणाली, "त्या दिवशी गप ऱ्हायली असतीस, शांते, तर आज प्रेमाबाईच्या घरात पाठ टेकली असती दोघींनी. काल म्या गेले हुते. तुजं नाव म्या काडलं न्हाय, तरी दारातनंच माघारी लावलं मला."

"पाठ तू टेकली असतीस," शांतम्मा म्हणाली. "मला सुई दिली असती."

मल्लम्मानं उरलेली भाकरी फडक्यात बांधली, वाकळ उचलली आणि पडवीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

भादव्यात निजामाचं राज्य गेलं. लोक गावाकडं परतले. दोघी वेगवेगळ्या गाड्यांत बसून आल्या, आणि भिंतीला भिंत असूनही पुढं कधी एकमेकींचा उंबरा ओलांडला नाही.