सहीपुरती मालकीण

बातमी वर्कशॉपच्याच फोनवर आली. मी सवयीनं आधी वर्कशॉपचं नाव सांगितलं, आणि पलीकडून आत्याचे यजमान, आमचे काका, म्हणाले, "अगं, मीच बोलतोय... आत्या गेली." शेडमध्ये मशीनं चालू होती. बाहेर जाऊन कसं सांगायचं ते सुचेना, म्हणून मी नुसती ऑफिसच्या दारात उभी राहिले. ड्रिलिंगवरच्या गेनूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि आपलं मशीन बंद केलं. मग एकेक करून बाकीचीही थांबली.

शोकसभेत भोसरीतले एक कारखानदार म्हणाले की कुसुमताईंच्या अंगी मोठी धडाडी होती. मागच्या खुर्चीवर बसून मला वाटलं, हे दुसऱ्याच कुणाबद्दल बोलताहेत. गिऱ्हाइकाच्या कंपनीत फोन लावायचा म्हटलं की आत्या आधी पाणी प्यायची आणि काय बोलायचं ते हळूच एकदा म्हणून बघायची. शिवाय धंद्यात ती आली तीच कागदापुरती. काका पिंपरीत एका मोठ्या कंपनीच्या टूलरूममध्ये होते. नोकरी सांभाळून स्वतःच्या नावावर धंदा करता येत नसे, म्हणून त्या काळात अनेकांनी केलं तसं त्यांनीही शेड बायकोच्या नावावर घेतली. आत्यानं फक्त सह्यांना यायचं, असं ठरलं होतं. "या मालकीणबाई, ठोका सही," असं काका सगळ्यांसमोर म्हणत. ती हसून सही करी, पण कागद पूर्ण वाचून. वाचायला वेळ लागे म्हणून ती बसे, बसली की काम दिसे, आणि दिसलं की ती विचारी. असं करता करता ती रोजच येऊ लागली.

कॉलेज संपल्यावर मी तिथं इंग्रजी पत्रं लिहायला गेले. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, चारचौघांत कुठल्याच भाषेत धड बोलत नसे. आत्यानं मला कधी "बोल की गं" म्हटलं नाही. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर येईपर्यंत थांबायची, एवढंच. गेनूभाऊ मात्र बोलके. शेडखालची जमीन एके काळी त्यांच्याच घरची होती. "हितं आमचा हरभरा व्हायचा," ते मला सांगत, "आता ब्रॅकेटं पिकत्यात."

त्या ब्रॅकेटांवरूनच एकदा सगळं बिनसलं. नव्या गिऱ्हाइकाकडून सगळा लॉट परत आला. भोक डावीकडे हवं होतं, ते उजवीकडे पडलं होतं. तेवढं मोठं काम आम्हाला पहिल्यांदाच मिळालं होतं. भोकं पाडली होती गेनूभाऊंनी, पण भोकाची जागा ठरवणारी जिग काकांनी रविवारी बसून स्वतः बनवली होती. काका ड्यूटीवरून थेट शेडवर आले आणि सगळ्यांदेखत गेनूभाऊंवर तुटून पडले. डोळे कुठे होते, याला आजच हिशेब देऊन घालवा, असं बरंच काही बोलले. गेनूभाऊ एवढंच म्हणाले, "जिगवर पाडली जी, साहेब." आणि हात पुसत उभे राहिले. त्यांची नोकरी गेलीच, असं मी धरून चालले होते.

आत्यानं ड्रॉइंग मागवलं. कोपऱ्यातलं इंग्रजी मला वाचायला लावलं. मी 'थर्ड अँगल' असं वाचलं, पण त्याचा अर्थ मलाही ठाऊक नव्हता. मग ती काकांना म्हणाली, "आम्हाला जरा समजावून सांगता?" काका चिडूनच सांगू लागले. ड्रॉइंग काढायच्या दोन पद्धती असतात; एकीत डावीकडून दिसणारी बाजू डावीकडे काढतात, दुसरीत उजवीकडे. थर्ड अँगल म्हणजे पहिली. आमच्या कंपनीत दुसरी... आणि ते थांबले. जिगच उलटी बनली होती, हे शेडमध्ये सगळ्यांना कळलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या.

आणखी कुणी तोंड उघडायच्या आत आत्या म्हणाली, "या ड्रॉइंगवर सही माझी आहे. म्हणजे चूक माझी. गेनूभाऊ, मशीन मोकळं ठेवा." मग ती काकांकडे वळली, "आणि तुम्ही नवी जिग कधी देता, ते सांगा."

तिला हे आधीच उमगलं होतं का? मी तिला कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन गिऱ्हाइकाकडे गेली. खरेदीच्या साहेबांनी आमच्या मागे दाराकडे पाहिलं. "यजमान नाही आले?" आत्या म्हणाली की मालकीण मीच आहे. चूक आमची, सगळा लॉट नव्यानं करून देते. साहेबांना माल शुक्रवारी हवा होता. मला वाटलं, आता ही हो म्हणेल. काम टिकवायला कुणीही म्हटलं असतं. तिनं जरा विचार केला. "शुक्रवारी नाही जमणार. सोमवारी सकाळी देते." साहेबांनी सोमवार लिहून घेतला. रिक्षात बसल्यावर ती बोटांवर दिवस मोजत होती... आणि माल सोमवारी सकाळी गेला.

पुढे चहाच्या वेळी गेनूभाऊ म्हणाले, "बैल उलटा जुंपला तर बैलाला न्हाई कुणी हाकलत, साहेब." सगळ्यांत मोठ्यानं हसले ते काकाच. "मालकीणबाई" ते नंतरही म्हणत, पण त्यातली थट्टा गेली होती. मोठ्या आवाजाच्या माणसांनीच धंदा करावा, हा माझा समजही तेव्हापासून सुटत गेला.

आता पत्रांबरोबर बाकीचंही मी बघते. मागच्या आठवड्यात एका लॉटची मापं बिघडली. गेनूभाऊ स्वतःच तुकडा घेऊन आले आणि टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, हे बिघडलंय." आम्ही दोघांनी तो उजेडात धरून पाहिला, काय दुरुस्त होईल, किती दिवस लागतील, ते ठरवलं. मग मी पाणी प्यायले आणि गिऱ्हाइकाच्या कंपनीला फोन केला. घरी पोचून चपला काढताना माझ्या ध्यानात आलं... हे कुणाच्या हातून झालं, ते मी विचारलंच नव्हतं.