फाटकीतलं ‘आपण’

आमच्या घरात एका कादंबरीला सगळे ‘फाटकी’ म्हणत. तिचा पुठ्ठा आणि नावाचं पान कधीच गळून गेलेलं. खरं नाव मला आजही ठाऊक नाही, गोष्ट मात्र तोंडपाठ. एक पुढारी गावाकडून बंधारा बांधून घेतो. दगड वाहायची वेळ आली की म्हणतो, ‘आपण बांधू.’ पाणी सोडायची वेळ आली की म्हणतो, ‘आम्ही ठरवू.’ बस, एवढ्या दोन शब्दांवर लेखकानं अख्खं पुस्तक उभं केलं होतं, आणि मी त्या लेखकावर जीव टाकायची.

महाळुंगे पडवळला आमच्या खालच्या आळीत, बुद्धविहाराशेजारी, ग्रामपंचायतीची एक खोली होती. तेच आमचं वाचनालय. मला पगार नव्हता, पण चावी माझ्याकडं होती आणि त्याची मला लई घमेंड. आत्याला वाचता येत नसे. दुपारी ती तिथंच मेथीच्या जुड्या बांधत बसायची आणि मी फाटकी वाचायची. पुढारी आला की ती हमखास म्हणायची, “मुडदा बशिवला त्याचा!”

तेव्हा दिल्लीत सरकारं धडाधड पडत होती. निवडणुकीआधी गळ्यात गळे, ‘आपण सगळे मिळून’. खुर्ची दिसली की ‘आम्ही पाठिंबा काढून घेत आहोत.’ मी टीव्हीसमोर टाळी वाजवून ओरडायची, “बघा, फाटकी!” घरचे कपाळाला हात लावायचे. हिंदी बातम्यांत आमची पंचाईत व्हायची, कारण तिथं दोन्हीला ‘हम’च. मराठी बातम्या लागल्या की आत्या कान टवकारायची.

भाऊ भोसरीला एका कंपनीत होता. लागला तेव्हा साहेब म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब. काही वर्षांनी गेटवर कागद लागला, ‘आम्हांस कळविण्यास खेद होतो.’ भाऊ घरी आला, पोटभर जेवला आणि म्हणाला, “तायडे, तुझ्या फाटकीत पुढं काय व्हतं गं?” मला हसू आलं नि रडूही. मग त्यानं मंचरला गॅरेज टाकलं. ते असं चाललं की तो कंपनीचं नाव विसरला.

पुढं मोबाईल आले. गावात रेंजसाठी लोक पाण्याच्या टाकीवर चढून ‘हॅलो हॅलो’ करायचे, म्हणून टॉवर सगळ्यांनाच हवा होता. पण कंपनीच्या माणसानं नेमकी आमचीच खोली हेरली. वर टॉवर, आत मशिनी. पुस्तकं कुठं जाणार, ते कुणी बोलेना. ग्रामसभेत कराराचा कागद पुढं ठेवून तो गोड हसून म्हणाला, “टॉवर आपलाच आहे. आपल्या टॉवरला आपली खोली द्यायची, एवढंच.”

माझं डोकंच फिरलं. मी उठले आणि बंधारा, पुढारी, पाणी, सगळं एका दमात सांगायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, “आली फाटकी!” सभा खो-खो हसली. मी खाली बसले. खोली गेली, असंच वाटलं.

तेवढ्यात आत्या म्हणाली, “पोरी, त्यो कराराचा कागद वाच की मोठ्यानं.”

मी वाचला. आम्ही खोली ताब्यात घेऊ. आम्ही कुलूप लावू. आमच्या परवानगीशिवाय आत येता येणार नाही.

“का वं पावणं,” आत्या म्हणाली, “तोंडात आपण आन् कागदात आमी? मंग चावी कुणाची?”

आता सभा पुन्हा हसली, पण या खेपेला त्याच्याकडं बघून. तोही हसला. “मावशी, तुमी वकील व्हायला पायजे व्हतं राव!” वरच्या आळीच्या माणसांनीही आमच्या बाजूनं हात वर केले. टॉवर टाकीमागच्या गायरानात गेला आणि खोली राहिली.

त्या आनंदात मी निळा रंग आणला, दारावर स्वतःच्या हातानं पाटी रंगवली आणि आत्याला बोलावलं.

“काय लिव्हलंस?”

“आमचे वाचनालय,” मी ऐटीत वाचलं.

 आत्या पदर तोंडाला लावून हसायला लागली. “आगं बया! खोली जितली न्हाई तवर लगीच आमी? वरच्या आळीनं हात वर केलं, ती मान्सं कुठं गेली?”

मी हातातल्या ब्रशकडं बघत राहिले. इतकी वर्षं दिल्लीतला नि भोसरीतला पुढारी बोट दाखवून ओळखला, आणि हा माझ्याच हातानं दारावर येऊन बसला होता. लाज वाटली, पण हसूही आवरेना. ‘म’वर ‘प’ काढला, ‘चे’चं ‘ले’ केलं. रंग पातळ होता. खालचा ‘म’ दिसतच राहिला.

“पुन्हा एक हात मारते,” मी म्हणाले.

“नगं,” आत्या म्हणाली. “दिसू दी. तुज्या ध्यानात ऱ्हाईल.”