कट्टी ठेवून जायचं नाही

अरुणाताई गुरुवारी सिंगापूर सोडून कायमच्या पुण्याला चालल्या होत्या, आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर खल कशावर चालला होता? तर निरोपाची शाल मोरपंखी घ्यायची की डाळिंबी! शाल! या उकाड्यात! माझं डोकंच फिरलं. पण बाई जातायत कशाला, हा प्रश्न काही कोणी टाइप करेना. मीही "डाळिंबी छान दिसेल" असं लिहून फोन उपडा ठेवला.

मी मेधा, त्यांच्या समोरच्या दारातली. सिंगापूरच्या पुंगोल भागात आमच्या मजल्यावर त्यांचं आणि आमचं दार अगदी समोरासमोर आहे. ताईंनी साठी ओलांडलीय. माझं लग्नसुद्धा झालं नव्हतं तेव्हा त्या नवऱ्याच्या, देवदत्तरावांच्या नोकरीपायी इथं आल्या. देवदत्तराव तांजोंग पगारला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात होते. एकुलता एक मुलगा धैर्यशील इथंच शिकला आणि मग मेलबर्नला गेला. दोन वर्षांपूर्वी देवदत्तराव सकाळचा चहा घेता घेता गेले. आजार नाही, हॉस्पिटल नाही, काही नाही. तेव्हापासून त्या घरात ताई एकट्या.

ब्लॉकच्या तळमजल्यावर एक खोली आहे, तिथं दर रविवारी सकाळी ताई मुलांचा मराठीचा वर्ग घ्यायच्या. कागदोपत्री मराठीचा. खरं म्हणजे त्या मुलांना भांडायला शिकवायच्या! "भांडू नका" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. "भांडा की," म्हणायच्या, "पण इथलं इथं संपवा. आयांपर्यंत न्यायचं नाही. त्या बिघडवतात." हे शेवटचं माझ्याकडे बघून.

त्यांची पद्धत अशी. कोपऱ्यात दोन लाल प्लास्टिकची स्टुलं. भांडणाऱ्या दोघांनी तिथं गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. आपली बाजू सांगायचीच नाही, समोरच्याची सांगायची. आणि समोरचा "पटलं" म्हणेपर्यंत सांगायची. दोघांचं पटलं, की दोन बोटं जुळवून बट्टी. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे कट्टी ठेवून कोणी घरी जायचं नाही. वर्ग सुटला तरी बसून राहायचं. आई बाहेर ताटकळली तर ताटकळू दे.

एकदा माझ्या अवनीची आणि आमच्याच ब्लॉकमधल्या सुचित्राच्या रुचिरची पंख्याखालच्या खुर्चीवरून जुंपली. अवनीनं त्याला ढकललं, त्यानं तिची पाण्याची बाटली तिच्याच डोक्यावर उपडी केली. मी आणि सुचित्रा दोघी पदर खोचून तयार. ताईंनी आम्हां दोघींना बाहेर काढून दार लावून घेतलं. काचेतून दिसत होतं, रुचिर हातवारे करून सांगतोय, "अवनी म्हणते शी केम फर्स्ट, तिला खूप गरम होत होतं." अवनी मान हलवतेय, नाही पटलं. पुन्हा. पुन्हा नाही. शेवटी तो काय म्हणाला कोण जाणे, अवनी हसली आणि दोन बोटं पुढे आली. दोघं एकाच खुर्चीवर अर्धे अर्धे बसून घरून आणलेला लाडू खात होते. मी आणि सुचित्रा मात्र पुढचा महिनाभर लिफ्टमध्ये एकमेकींना टाळत होतो.

हे कुठं शिकलात, असं मी एकदा विचारलं तर ताई म्हणाल्या, "संसारात."

आणि ते खरं होतं, कारण त्यांचा संसार मी दारातून ऐकला होता. काय भांडायची ती दोघं! एसी चोवीसवर ठेवायचा की सत्तावीसवर. आमटीत गूळ किती. आमची एलआरटी, म्हणजे इथली छोटी मेट्रो, गोल फिरते, त्यामुळं स्टेशनला दोन्ही बाजूंनी जाता येतं, तर लवकर कुठल्या बाजूनं पोचतं यावरून एकदा एवढी जुंपली की देवदत्तराव इकडच्या गाडीत बसले आणि ताई तिकडच्या. स्टेशनवर जो आधी पोचला तो दुसऱ्याची वाट बघत उभा. कोण आधी पोचलं यावर परत भांडण! पण संध्याकाळच्या चहाला आवाज बदलायचा. देवदत्तराव मोठ्यानं म्हणायचे, "तर तुझं म्हणणं असं की मी हट्टी आहे, आणि तुला थंडी वाजते." मग ताईंचं हसू ऐकू यायचं.

देवदत्तराव गेले आणि समोरचं दार गप्प झालं. आम्ही मराठी माणसं अशा वेळी फार चांगली वागतो. ग्रुपवर ठरलं, ताईंना जपायचं. त्यांच्या मनाविरुद्ध एक शब्द बोलायचा नाही. मुलांनाही तंबी दिली, आजींना उलट उत्तर करायचं नाही, आजोबा गेलेत. सगळ्यांनी अगदी मनापासून पाळलं. ताई बोलतील ते बरोबर.

मध्ये एकदा भिशीला ताई म्हणाल्या, "हल्ली मी साबुदाण्याच्या खिचडीत कांदा घालते. उपासालासुद्धा."

खोलीत पाच-सहा पुणेकर बायका! एरवी एखादीनं तरी वाटी खाली ठेवली असती. सुचित्रा हसून म्हणाली, "हो का? करून बघायला हवं." मी म्हटलं, "वेगळी चव येत असेल ना." ताईंनी एकेकीच्या तोंडाकडे बघितलं. तेव्हा मला वाटलं, बाईंचं वय झालं.

निरोपाच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, मी सामान भरायला मदत करावी म्हणून त्यांच्याकडे गेले. बॅग पलंगावर उघडी पडली होती आणि आत एक चादर सोडून काही नव्हतं. ताई टेबलापाशी बसल्या होत्या. समोर देवदत्तरावांची खुर्ची, तिच्या पाठीवर त्यांचा टॉवेल. दोन वर्षं तो तिथंच. एसी चोवीसवर होता आणि ताई शाल नाही पण ओढणी गुंडाळून कुडकुडत होत्या.

"सत्तावीसवर करू का?" मी विचारलं.

"केला होता," त्या म्हणाल्या. "कोणी ओरडलं नाही. मग परत चोवीसवर आणला."

मी उगाच चादरीची घडी मोडून पुन्हा घातली.

"मेधा, मला जायचं नाहीये गं," त्या एकदम म्हणाल्या.

मग त्यांनी सगळं सांगितलं. दिवाळीनंतर एकदा धैर्यशीलचा फोन होता. सगळं 'हो आई, बरोबर आई' चाललेलं. त्या वैतागून म्हणाल्या, "मी आपली पुण्याजवळ ज्येष्ठांच्या त्या वसाहतीत जाऊन राहते आता." त्यांना वाटलं, पोरगा उसळेल. म्हणेल, काहीतरीच काय, मी आहे ना. किंवा निदान म्हणेल, तुझं घर सिंगापूरला आहे, तिथं कशाला मरायला जातेस. तो म्हणाला, "तुझी इच्छा महत्त्वाची, आई. मी चौकशी करतो." आणि खरंच केली! दुसऱ्या दिवशी खोलीचे फोटो आले.

"मग तुम्हां सगळ्यांना सांगितलं," ताई म्हणाल्या. "म्हटलं, इथं तरी कोणीतरी अडवेल. तुम्ही म्हणालात, 'तुम्हाला योग्य वाटेल ते, ताई.' एकजात सगळे."

आता हे परक्याला कसं समजावणार? आपल्यात 'निघते मी' म्हटलं की समोरच्यानं 'बसा हो, चहा टाकते' म्हणायचं असतं. पोळी नको नको म्हणत असताना ती ताटात पडायची असते. निघते म्हणणाऱ्याला निघायचं असतंच असं नाही. ताईंनी पाटावर बसून आग्रहाची वाट बघितली, आणि आम्ही शहाण्यांनी त्यांच्या इच्छेचा मान राखून तिकीट काढू दिलं.

मला असला राग आला धैर्यशीलचा! म्हटलं, "कसला मुलगा हो तुमचा! आईचं मन कळत नाही?"

"त्याची काय चूक," त्या म्हणाल्या. "समोरच्याचं ऐकून घ्यायचं, हे मीच त्याला शिकवलं. ते तेवढं शिकला. भांडायचं राहून गेलं." मग ओढणीनं नाक पुसून म्हणाल्या, "माझ्याशी कोणी भांडतच नाही गं, मेधा. मी कांद्याची खिचडी म्हणून बघितली. त्यावरसुद्धा नाही. मेलेल्या माणसाशी वागतात तसं वागता तुम्ही सगळे माझ्याशी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, "ताई, नका जाऊ ना मग."

त्या हसल्या, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आता म्हणतेस? मी सांगितल्यावर? मागून घेतलेला आग्रह कसला, बाई. आण ती बॅग इकडे."

आणि आम्ही दोघींनी मिळून बॅग भरली. देवदत्तरावांचा टॉवेल त्यांनी शेवटी घेतला, पुन्हा काढला, खुर्चीवर ठेवला. मी घरी आले आणि नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

रविवारी तळमजल्यावरच्या खोलीत निरोप समारंभ. समोसे, फुगे, एका कोपऱ्यात ती लाल स्टुलं. सुचित्रा डाळिंबी शाल आणि नारळ घेऊन उभी राहिली आणि भाषण केलं, ताई आपल्या सगळ्यांना सोडून कायमच्या पुण्याला चालल्यात, त्यांच्या निर्णयाचा आपण आदर करतो, वगैरे. ताई मान खाली घालून ऐकत होत्या. शाळेत बक्षीस न मिळालेलं मूल टाळ्या वाजवताना दिसतं ना, तशा दिसत होत्या.

"कायमच्या म्हणजे?" अवनीचा आवाज आला.

अवनी माझ्याकडे वळली. "आई, कायमच्या म्हणजे फॉर एव्हर? तू म्हणालीस आजी पुण्याला जाणार. आय थॉट हॉलिडे!"

"अवनी, नंतर," मी दबक्या आवाजात म्हटलं.

पण ती ऐकते कसली? ती तडक ताईंसमोर जाऊन उभी राहिली. आठ वर्षांची पोर, नाक लाल झालेलं. "तू मला विचारलं नाहीस. कोणालाच विचारलं नाहीस. तू म्हणतेस घरी जायच्या आधी सगळं सांगायचं. तू स्वतः सांगितलं नाहीस. नॉट फेअर लाह!" ती अगदी इथल्या सिंगापुरी पोरांसारखी ओरडली आणि तिनं करंगळी ताईंच्या नाकासमोर धरली. "कट्टी!"

"अवनी!" मी ओरडले. "आजींशी असं बोलतात?"

"मेधा, तू गप्प बस," अरुणाताई म्हणाल्या. "आमचं आम्ही बघू."

दोन वर्षांत पहिल्यांदा त्या मला रागावल्या होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी खरंच गप्प बसले.

ताईंनी आपली करंगळी अवनीच्या करंगळीला लावली. रुचिरनं न सांगता दोन्ही स्टुलं ओढून आणली. दोघी गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. शाल हातात घेऊन सुचित्रा तशीच उभी.

"तू आधी," ताई म्हणाल्या. "माझी बाजू सांग."

अवनीनं विचार केला. "आजी म्हणते, देवदत्त आजोबा नाहीत. घरात कोणी नाही. तिकडे खूप आज्या आहेत. सो ती तिकडे जाणार, खेळायला."

"नाही पटलं."

"आजी म्हणते... इकडे खूप गरम होतं?"

"नाही पटलं."

अवनीनं गाल फुगवले. "मग तू माझी सांग."

ताईंनी हात मांडीवर ठेवले. "अवनी म्हणते, की मी तिला विचारलं नाही."

"नाही पटलं. अजून आहे."

"अवनी म्हणते, की तिला राग आलाय."

"अजून."

ताईंनी आमच्याकडे बघितलं, सगळ्यांकडे, एकेकाकडे. मग पुन्हा अवनीकडे. "अवनी म्हणते," त्या पुटपुटल्या. "अवनी म्हणते, आजी, जाऊ नकोस."

"ऐकू नाही आलं," अवनी म्हणाली. खरंच आलं नव्हतं.

"जाऊ नकोस."

"मोठ्यानं सांग."

"जाऊ नकोस!" ताई म्हणाल्या, आणि रडायलाच लागल्या. एवढ्या माणसांसमोर, तोंड न झाकता. कोणी पुढे झालं नाही. माझ्या शेजारी सुचित्रा शालीला डोळे पुसत होती.

"पटलं," अवनी म्हणाली. तिचाही चेहरा रडवेला झाला होता. तिनं दोन बोटं पुढे केली. "बट्टी."

ताईंनी डोळे पुसले, नाक ओढलं. दोन बोटांकडे बघितलं आणि हात मागे घेतला.

"तुला पटलं. मला कुठं पटलंय?" त्या म्हणाल्या. हा आवाज मी ओळखत होते. समोरच्या दारातून यायचा तो. "माझी बाजू तुला अजून धड सांगता आलेली नाही. खेळायला जातेय म्हणे! पुढच्या रविवारी पुन्हा बसायचं."

"बट आजी, तू गुरुवारी जाणार ना?"

"काय बोलतेस तू!" अरुणाताई केवढ्यांदा तरी ओरडल्या. "कट्टी ठेवून जाऊ?"